हार उतरली तो दिवस

माझ्या बापाकडे एकच नळी होती,
गटारकामातून उरलेली, लोखंडी,
चार बोटं आणि वर नखभर रुंद.
दर सोमवारी तिनं तो नऊ ठिकाणी गल पाडायचा
आणि मी मागून बादली घेऊन.
लाल कोटवाल्या वकिलांना गल तेवढीच,
हिरव्या कोटांच्या व्यापाऱ्यांना तेवढीच,
निळ्यांना तेवढीच,
आणि ज्यांना कोटच नव्हते
त्या चांभार-शिंप्यांच्या क्लबलाही तेवढीच.
बाप म्हणायचा, मोठेपणा सगळा वर गवतावर,
खाली माप एकच.

सँडरिगच्या त्या वाळवट कुरणात चार क्लब नांदत होते,
म्हणजे एका चुलीवर चार जावा नांदतात तसे.
शनिवार कुणाचा, यावरून पत्रं.
झेंडा कुणी उपटला, यावरून महिनाभर अबोला.
मेंढ्या मात्र कुणाच्याच नियमात नव्हत्या;
वाऱ्यापासून अंग चोरायला त्या जिथं बसत
त्याच खळग्यांना ही मंडळी शिव्या देत.
आणि कोळणी. त्यांचा हक्क सगळ्यांच्या आधीचा.
तिसऱ्या होलवर जाळी वाळत पडली असतील
तर न्यायाधीशसुद्धा टोपी काढून वळसा घेत,
कारण जेसी फ्लकरच्या जिभेवर
एडिंबराच्या कुठल्याच कोर्टात अपील नव्हतं.

चौथ्या होलला लागून ग्रिझेल लॉरीची खानावळ.
भिंतीशी चार कपाटं, चार कुलपं,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
ती यायच्या आधी किल्ल्या यायच्या.
टेबलं वेगळी, प्याले वेगळे,
उधारीची पाटी तेवढी एकच,
तीन उभ्या रेघा मारून चार खाने केलेली.

समुद्रावरून चालून येणाऱ्या धुक्याला आम्ही हार म्हणतो.
त्या मे महिन्यात दोन क्लबांनी पदकाची तारीख एकच धरली
आणि उरलेले दोन निव्वळ हट्टानं आले.
दुपारी हार उतरली.
आधी दीपस्तंभ गेला,
मग चर्च,
मग माझ्या बापाची टोपी, मग बाप.
मी अकरा वर्षांचा, चौथ्या होलवर झेंडा धरून.
कुठूनतरी ठोका ऐकू यायचा,
कुठूनतरी चेंडू घरंगळत यायचा,
पाठोपाठ माणूस कुणीच नाही.
ग्रिझेलनं दारात उभं राहून तवा बडवला
तेव्हा मी गलीत हात घातला.
चार चेंडू.

टोपीत घेऊन आत गेलो. कुणाचे? विचारलं.
सगळ्यांनी पाहिले. कुणीच हात पुढं केला नाही.
शेकोटी एकच पेटलेली, तेव्हा खुर्च्या सरकल्या.
न्यायाधीशांचे मोजे आणि वॅटी स्टीनसन चांभाराचे मोजे
एका दोरीवर वाफाळत होते.
कुणीतरी गायलं, बेसूर.
त्या दिवशी हार आली
आणि कुणीच हरलं नाही.

चारही वह्यांत नोंद अशी:
हवा खराब. सामना रद्द.

मग आगगाडी आली, आणि लाल कोट गेले,
पूर्वेला स्वतःची जमीन घेऊन, भोवती भिंत घालून.
हिरवे त्यांच्या मागोमाग. निळे कर्ज काढून.
कपाटं उचलून नेली, भिंतीवर तीन फिकट चौकोन राहिले.
चौथं कपाट राहिलं, कारण गाडीभाडं कोण देणार?

नळी आता माझ्याकडे आहे. कडा झिजल्या आहेत,
गल केसभर लहान पडते, कुणाच्या लक्षात येत नाही.
ग्रिझेल गेली तेव्हा पाटी मी मागून घेतली.
खडू कधीच पुसला गेला होता.
एक ओळ राहिली होती, खिळ्यानं कोरलेली,
तिन्ही रेघा ओलांडून या काठापासून त्या काठापर्यंत:
सूप बत्तीस वाट्या, व्हिस्की नऊ बाटल्या. सगळे.

पैसे अजून यायचे आहेत.